इनामगावची पांढरी आणि येरवड्याचे दालन

आमच्याकडे जमीन दोन रंगांची. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या कागदपत्रांत ‘काळी-पांढरी’ असा जोडशब्द येतो तो याच अर्थाने. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, की चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, जनावरांची हाडे आणि फुटक्या मडक्यांची खापरे एकमेकांत मुरत जातात. ती मुरलेली माती म्हणजे पांढरी. माझ्या लहानपणी दौंड-शिरूरच्या पट्ट्यात धाब्याच्या घरांवर दर उन्हाळ्यात पांढरीचा नवा थर पडायचा, कारण ती पाणी आत शिरू देत नाही. रानालाही ती मानवते, म्हणून बैलगाड्या भरभरून नेत. त्या गाड्यांबरोबर किती जुने संसार शेतात विखुरले गेले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही. एका पांढरीची मात्र ठेवली गेली. घोड नदीच्या उजव्या काठावर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावात.

ती ठेवली डेक्कन कॉलेजने. या स्मरणिकेसाठी त्या संस्थेचा इतिहास लिहा, पण दौंडच्या माणसाने पाहिलेला लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मला आनंद झाला. पुण्यातून पाहिलेला इतिहास अनेकांनी लिहिला आहे. त्यात इनामगाव एका परिच्छेदात संपते. माझ्या मते ते या संस्थेच्या आयुष्यातले सगळ्यांत मोठे प्रकरण आहे.

आरंभाचे टप्पे थोडक्यात सांगतो. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ सुरू झाले. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर त्या दक्षिणेच्या पैशातून संस्कृत विद्येची पाठशाळा चालवावी, ही एल्फिन्स्टनची कल्पना. १८५१ मध्ये संस्थेचे नाव ‘पूना कॉलेज’ झाले, १८६४ मध्ये ‘डेक्कन कॉलेज’. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा हातभार लागून येरवड्याला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. टिळक, आगरकर, राजवाडे या आवारात शिकले. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत, ते कोर्टात गेले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली. उघडली ती मात्र पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधन करणारी संस्था म्हणून.

त्या १९३९ सालापाशी थोडे थांबायला हवे. भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे, समाजशास्त्राला इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर आणि प्राचीन इतिहासाला तीस वर्षांचे हसमुख धीरजलाल सांकलिया. इतकी माणसे एका वर्षात एका छताखाली आली. त्याच वर्षी साताऱ्याहून द. ब. पारसनीसांचा ऐतिहासिक संग्रहही येरवड्याला आला. पारसनीसांनी आयुष्यभर घराघरांतून जमवलेली चित्रे, कागद, वस्तू आणि त्यात नाना फडणिसांचे मेणवली दफ्तर. म्हणजे डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाची सुरुवात राज्य चालवणाऱ्यांच्या कागदांनी झाली. मोडीचे रुमाल, शिक्के, तसबिरी. शेजवलकरांनी त्यांवर जीव ओतून काम केले. त्यांचे पानिपतावरचे पुस्तक १९४६ मध्ये याच संस्थेने काढले.

सांकलियांची वाट वेगळी होती. लंडनला पीएच. डी. करत असताना त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या टेकडीवरच्या उत्खननात काम केले होते. तिथे शिकलेली गोष्ट त्यांनी इथे मुरवली. जमिनीत सापडलेली वस्तू जितकी मोलाची, तितकीच ती कोणत्या थरात, कशाशेजारी, कोणत्या बाजूला तोंड करून पडली होती ही नोंदही मोलाची. बाजारातून विकत घेतलेल्या मूर्तीला रूप असते. थरातून उचललेल्या खापराला पत्ता असतो. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या बहुतेक वस्तूंना असा पत्ता आहे. त्या कोणी नजराणा म्हणून दिलेल्या नाहीत आणि दलालाकडून आणलेल्या नाहीत. या खात्याचे शिक्षक आणि विद्यार्थी दर हिवाळ्यात तंबू ठोकून राहिले, त्यांनी गावातल्या मजुरांबरोबर खणले, मोजले, लिहिले आणि मग त्या वस्तू पेट्यांतून येरवड्याला आणल्या.

१९५०–५१ मध्ये नाशिक आणि संगमनेर तालुक्यातले जोर्वे इथे सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणले. प्रवरेकाठच्या या जोर्वे गावाचे नाव मग एका अख्ख्या संस्कृतीला मिळाले. नारिंगी-तांबूस रंगाची, वर काळी नक्षी असलेली, पातळ आणि खरपूस भाजलेली भांडी. त्यांत तोटीचे भांडे आणि कमरेशी मोडलेला वाडगा हमखास. नेवाशाला १९५४ पासून काम चालले. १९६० मध्ये घोड नदीवरच्याच चांडोलीला देव आणि झेड. डी. अन्सारी यांनी खणले. या सगळ्यांतून एक गोष्ट पक्की झाली होती. लोखंड येण्याआधी, तांबे आणि गारेची पाती वापरणारे शेतकरी दख्खनच्या नद्यांकाठी गावे करून राहत होते. पण ते कसे राहत होते? अरुंद चर खणून थर कळतात, घर कळत नाही. त्यासाठी एखादी पांढरी आडवी, ऐसपैस उघडावी लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

ती वर्षे इनामगावाला मिळाली. १९६८ ते १९८३. सांकलिया, अन्सारी आणि १९६७ मध्ये कॉलेजात आलेले म. के. ढवळीकर या तिघांच्या नावावर हे काम आहे. त्याचा मोठा भार ढवळीकरांनी वाहिला.

मी ते उत्खनन शाळकरी वयात एकदाच पाहिले. मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून गेलो होतो. आठवते ते एवढेच, की जमिनीवर दोऱ्या ताणून चौकोन आखले होते आणि दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत राखून ठेवली होती. त्या भिंतीवर राखेचे, तांबूस मातीचे, पुन्हा राखेचे पट्टे एखाद्या घडी केलेल्या गोधडीसारखे दिसत होते. गावातल्या बाया घमेल्यांनी माती काढत होत्या. एका बाजूला धुतलेली खापरे चटयांवर वाळत घातली होती आणि एक मुलगा शाईने प्रत्येक खापरावर बारीक आकडे लिहीत बसला होता. हजारो खापरे आणि प्रत्येकावर आकडा. मामा म्हणाला, “बघ, आपण ज्याला लाथ मारतो त्याचं हे लोक बारसं करतात.” तेव्हा मी हसलो होतो. आता वाटते, संग्रहालय म्हणजे काय, हे मला त्यानंतर कोणी इतके नेमके सांगितलेले नाही.

त्या पांढरीखाली १३० हून अधिक घरे निघाली. सगळ्यांत खाली माळवा संस्कृतीचे लोक, साधारण इ. स. पू. १६००. त्यावर जोर्वे संस्कृतीचा आधीचा काळ, इ. स. पू. १४०० ते १०००. सर्वांत वर तिचाच उत्तरकाळ, इ. स. पू. ७०० पर्यंत. आधीच्या लोकांची घरे लांबट चौकोनी, बुटक्या मातीच्या भिंती, वर कुडाचे काम. घरात चूल, धान्याला पेव, कणगी ठेवायला चोपलेला गोल ओटा, मोठा रांजण टेकायला चार सपाट दगड. पेव आणि कणगी हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. इंग्रजी अहवालातल्या शब्दांपेक्षा ते त्या घराच्या जास्त जवळचे आहेत आणि आमच्या आज्यांना समजावून सांगावे लागणार नाहीत. सातू, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे सापडले. नदीचे पाणी वळवायला पाट खणलेला होता आणि त्याच्या कडेने बांध घातलेला होता. आज त्या भागात ऊस उभा असतो. पाटाच्या पाण्याची ओढ या मातीला तीन हजार वर्षांपासून आहे.

गावाची मांडणीही उलगडली. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती आणि सुखवस्तू लोक मध्यावर. एक घर पाच खोल्यांचे निघाले आणि त्याला लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत झाले. त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, उत्तरकाळातल्या थरात, चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण सापडला. पोट सुटलेल्या माणसासारखा. आत चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला. या गावात मोठ्या माणसांना घरातच, जमिनीखाली आडवे पुरत आणि पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून की त्याने भूत होऊन हिंडू नये म्हणून, हे सांगणे कठीण. या रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते.

मुलांना वेगळ्या रीतीने पुरत. दोन मडकी, तोंडाला तोंड लावून, खड्ड्यात आडवी ठेवलेली, आणि आत मूल. अशी पुरणे इतकी निघाली की त्या गावात किती मुले दगावत असतील, या विचाराने पोटात कालवते. ती मडकी जमिनीत दूर कुठे पुरलेली नाहीत. आई जिथे सारवत होती त्या जमिनीखाली, चुलीपासून चार हातांवर. विद्यार्थ्यांना ही जोडमडकी दाखवताना मी फार बोलत नाही. त्यांचा आकारच बोलतो. दोन पोटे एकमेकांना लागलेली असावीत, तसा.

आणखी एक वस्तू. जोर्वेच्या आधीच्या काळातल्या एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, कच्च्या मातीची एक लंबगोल पेटी निघाली, झाकणासकट. आत बिनडोक्याची एक बाई, तीही कच्च्या मातीची. झाकणावर दुसरी बाई, हिला डोके आहे, आणि सोबत एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटात भोक आहे आणि बैलाच्या पाठीवरही. काडीने ती बैलावर बसवता येते. जाणकारांनी हिला मातृदेवता म्हटले आहे. हे तिघे भाजलेले नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्या गावात भांडी उत्तम भाजणारे कुंभार होते आणि मोठी गोल भट्टी होती. तरी ही मूर्ती कच्ची ठेवली. म्हणजे ती टिकण्यासाठी केलेली नव्हती, एका व्रतासाठी केली होती. पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, गौरी-गणपती करतो आणि पाण्यात सोडतो, तसेच काहीसे. बाळाच्या पाचवीला सटवीची पूजा करणाऱ्या बायका आजही या भागात आहेत. इनामगावच्या त्या पेटीतली देवता सटवीच होती, असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण कला म्हणजे काय, याचा विचार करताना या पेटीशी थांबावे लागते. अजिंठ्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या ढवळीकरांनी या ओबडधोबड मातीच्या बाईलाही तितक्याच गांभीर्याने घेतले. विद्यापीठातल्या कलेच्या अभ्यासाकडून मला हेच हवे आहे. सुंदर कशाला म्हणावे, हा प्रश्न पुढे ढकलून आधी ही वस्तू कोणी, कशासाठी, कोणाच्या काळजीने केली, हे विचारायचे.

उत्तरकाळात गाव गरीब होत गेले. चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. त्या समजून घ्यायला संशोधकांनी आजच्या फासेपारध्यांच्या झोपड्यांकडेही पाहिले. पाऊस हटला, शेती मोडली, लोक पुन्हा शिकार आणि मेंढरांकडे वळले, असे उत्तर ढवळीकरांनी मांडले. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९८९ रोजी, सांकलिया गेले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, आणि ती थांबली नाही याचे श्रेय येरवड्याच्या कपाटांना आहे. इनामगावची माणसे, म्हणजे त्यांची हाडे, नीट क्रमांक लावून जपलेली होती. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी त्यांवर काम केले. पुढे अमेरिकेच्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांची हाडे पुन्हा तपासली आणि २०११ मध्ये पुस्तक लिहिले. उत्तरकाळात मुलांची वाढ खुंटत होती हे त्यांना दिसले, पण पाऊस हटल्याचे सरळ उत्तर त्यांना पुरेसे वाटले नाही. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी एक मूल उपाशी का राहिले, यावरचा वाद आज चालू राहू शकतो, कारण ते मूल ठेवलेले मडके आणि त्यावरचा शाईचा आकडा दोन्ही शाबूत आहेत. अहवालात शेवटचा शब्द लिहिता येतो. जपून ठेवलेल्या वस्तूच्या बाबतीत कोणालाच तसे करता येत नाही. विद्यापीठाच्या संग्रहालयाचे हे काम शहरातल्या चकचकीत दालनापेक्षा निराळे आहे आणि ते मला अधिक मोठे वाटते.

याच कपाटांभोवती संस्थेने प्रयोगशाळा उभ्या केल्या. माती आणि नदीचे थर वाचणारे शरद राजगुरू, जळके दाणे ओळखणारे काजळे, जनावरांची हाडे पाहणारे पी. के. थॉमस. भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे सारे एका पांढरीवर वाकले. १९९० मध्ये डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा जाहीर झाला, त्यामागे या कामाची पुण्याई मोठी आहे.

आता थोडे मनातले. सांकलियांना लोकांपर्यंत जायचे होते. त्यांनी आणि म. श्री. माटे यांनी मराठीत ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ लिहिले. पद्मभूषण मिळालेल्या गुजराती माणसाने या मातीबद्दल मराठीतून सांगायची तळमळ धरली, हे मी विसरू शकत नाही. पण मी पंचवीस वर्षे इतिहास शिकवला आणि माझ्या वर्गातल्या मुलांना मोहेंजोदडोचे स्नानगृह पाठ होते, इनामगाव कुठे आहे ते ठाऊक नव्हते. काही मुले तर न्हावऱ्याच्या बाजूची होती. सायकलवर जाऊन येतील इतक्या अंतरावरची. २०२२ मध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची व्याख्या बदलली आणि तीत समाजाचा सहभाग आला. जगाला हे २०२२ मध्ये लिहावेसे वाटले. मला ते १९९० च्या सुमारास दौंड स्टेशनच्या फलाटावर वाटले होते, चाळीस मुले मोजून पुण्याच्या गाडीत चढवताना.

त्या सहलीला आधी परवानगी मिळत नव्हती. खापरे बघायला कशाला न्यायची मुले, शनिवारवाडा दाखवा, असे वरून सांगण्यात आले. मी शनिवारवाडाही दाखवला. पण सकाळी आधी येरवड्याला गेलो. दगडी इमारत, मोठी झाडे आणि दालनात काचेमागे आमचीच माती. मुलांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे शांत होती. मग एकीने ओटा आणि रांजणाच्या चार दगडांचे चित्र पाहिले आणि ती म्हणाली, “सर, हे आमच्या आजीच्या घरात पण असंच आहे.” त्यानंतर दालन गजबजून गेले. कोणाला जाते दिसले, कोणाला तोटीचे भांडे, कोणाला बैलगाडीचे रेखाटन. जोडमडक्यांपाशी मात्र सगळे आपोआप गप्प झाले.

मला वाटते, इनामगावच्या पांढरीजवळ, निदान शिरूर-दौंडच्या एखाद्या शाळेत, एक खोली असावी. मूळ वस्तू नकोत, त्या येरवड्यालाच सुरक्षित आहेत. पण घराचा नकाशा जमिनीवर पूर्ण मापात आखलेला, एक ओटा, एक पेव, तोटीच्या भांड्याची इथल्याच कुंभाराने केलेली प्रतिकृती आणि ज्या बायांनी घमेल्यांनी ती माती काढली त्यांचे फोटो. या संस्थेचा इतिहास विश्रामबागवाड्यात विद्वानांच्या दक्षिणेतून सुरू झाला. तो अंगठा उठवणाऱ्या मजुरांच्या हातांनी पुढे गेला. त्या हातांची खूण त्यांच्या गावात असायला हवी. डेक्कन कॉलेजच्या पुढच्या पर्वात हे व्हावे, अशी माझी मनापासून मागणी आहे.

निघताना तिथल्या एका संशोधकांनी टेबलावरचे एक लहान खापर मुलांच्या हातात दिले. नारिंगी, काळ्या दोन रेघा असलेले. “नखाने वाजवून बघा,” ते म्हणाले. जोर्वेचे खापर चांगले भाजलेले असते, ते वाजवले की धातूसारखा खणखण आवाज येतो. चाळीस मुलांनी ते एकेक करून कानाशी नेले. परतीच्या गाडीत कोणी अंताक्षरी खेळले नाही. यवत गेले, केडगाव गेले. खिडकीपाशी बसलेली ती आजीच्या घरातली मुलगी डब्याच्या झाकणावर नखाने टकटक करून आवाज लावून बघत होती, आणि तसा येत नाही म्हणून पुन्हा करत होती.